पार्वती विरुद्ध कवठवाडी

कवठवाडीत त्या काळी कागद म्हणजे अर्जी. एरवी कागदाचं गावात काम पडत नसे. लग्नाचं आवतण न्हावी तोंडी देऊन जाई, मयताचं कार्ड आलं की वाचून लगेच फाडून टाकत, आणि पुनमचंद शेटजींच्या दुकानात मीठसुद्धा पळसाच्या पानात बांधून मिळे. त्यामुळे कोणी दौत-टाक घेऊन ओट्यावर बसलेलं दिसलं की येणारा-जाणारा थांबून विचारी, "काहून? कोनावर केली?"

चौथीतली पारू संक्रांतीनंतर एका सकाळी अशीच टाक घेऊन बसली होती, आणि तिने कोणावर काही केलं नव्हतं. लढाई आता संपेल, मग संपेल, असं त्या साली सगळे म्हणत होते. कागदाची टंचाई होती. संतराम मास्तरांनी चौथीच्या मुलांना एकेक ताव दिला होता आणि बजावलं होतं, दुसरा मिळणार नाही. विषय होता 'आमचे गाव'. शाळा तपासायला साहेब येणार होते. ते चौथीचे निबंध स्वतः वाचणार होते आणि ज्याचा मनास येईल त्याला हिंगोलीच्या शाळेसाठी चिठ्ठी देणार होते. मुलांना हिंगोलीची फारशी हौस नव्हती, कारण तिथेही पुढे शाळाच होती. पारू मात्र वर्गातली एकटी मुलगी, आणि तिला जायचं होतं. हिंगोलीला मुलींची शाळा निघाली होती, बाहेरगावच्या पोरींना शिकवणाऱ्या सुमनबाईंच्या घरीच राहायची सोय होती, एवढं तिने ऐकलं होतं आणि तेवढ्यावर ती रोज निजत होती.

तिच्या वडिलांनी, उकंडरावांनी, निकाल आधीच देऊन ठेवला होता. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्यावर आजीने त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, नाव तेव्हाचं. पण पुढचं 'राव' आपण स्वतःच्या वागण्याने मिळवलं, असं ते सांगत, आणि म्हणून दिलेला शब्द फिरवत नसत.

"साहेबानं तुला निवडलं तर मी स्वता गाडी जुंपून हिंगोलीला नेतो," ते म्हणाले होते. "न्हाई निवडलं तर सेनगावच्या पाहुण्याला व्हय म्हणतो. मंग रडायचं न्हाई."

"व्हय," पारू म्हणाली होती. तिची माय सखुबाई भाकरी थापत होती. थोरली बहीण गोदा अशीच एका 'व्हय'वर पूर्णेच्या पलीकडे गेली होती, तिच्या वेळीही माय भाकरीच थापत होती.

पारूने निबंध एका बैठकीत लिहून काढला. हल्ली मुलं निबंध पाठ करून जातात, गाय असो की दिवाळी, सगळ्या राज्यात एकच. पारूजवळ पाठ करायला काहीच नव्हतं. मनात होतं ते तिने लिहिलं, वाळू टाकून शाई वाळवली आणि आबांना, म्हणजे वडिलांना, वाचून दाखवायला उभी राहिली.

"आमचे गाव लहान आहे," तिने सुरुवात केली.

"थांब," शेजारचे तातेराव आपल्या ओट्यावरून म्हणाले. "हे कोन वाचनार?"

"साहेब."

"स्वता?"

"स्वता."

तातेराव उठून इकडे आले. गावच्या विहिरीवर पहाटे पहिला रहाट त्यांचा फिरे, आणि त्या विहिरीचा ढासळलेला कठडा हे त्यांच्या आयुष्याचं दुखणं होतं. "उकंडराव, साहेब स्वता वाचून राहिला, अन् पोरगी त्याला सांगते गाव लहान आहे. लहान गावाला कोन काय देते? कठड्याचं लिहायला सांगा."

उकंडरावांना हे पटलं. पटलं नसतं तरी तातेराव उठले नसते. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली की उकंडरावच्या पोरीचा कागद थेट साहेबाच्या हातात जाणार आहे, मधे पाटील नाही, पटवारी नाही. संध्याकाळी ओट्यावर बसायला जागा उरली नाही. पुनमचंद शेटजींना नाल्यावरचा रस्ता लिहून पाहिजे होता. पाटलांच्या माणसाने येऊन सांगितलं की काहीही लिहा, पण पाटलांचं नाव सगळ्यांच्या वर. ज्यांना काही मागायचं नव्हतं तेही घरी जाऊन काहीतरी आठवून आले. उकंडरावांनी धुतलेला पटका बांधला आणि खांबाला टेकून बसले. आपला ओटा कचेरीसारखा दिसतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

तांड्यावरची जिवनबाईही आली. तिची म्हैस कोणाच्या तरी हरभऱ्यात शिरली म्हणून कोंडवाड्यात होती. "माझी म्हैस लिही, लेकरा," ती पारूला म्हणाली. "शिंगं खाली वळलेली हायेत. कपाळावर चांद. मी हाक मारली की आधी डावा कान हलवते, मंग येते. इथं कोंडल्यापासून कान हलवत न्हाई."

पारू ऐकत राहिली. संतराम मास्तर तेवढ्यात तिथे पोचले होते. ते म्हणाले, "सगळ्या गावात एका जिवनबाईला निबंध कळतो. उकंडराव, निबंधात तक्रार नसते."

"मंग काय असते?"

"वर्णन."

"मंग तक्रारीचंच वर्नन करू द्या," तातेराव म्हणाले. "आमी कुठं न्हाई म्हनलं?"

मास्तर पाटलांच्या वाड्यात राहत होते आणि पगार वेळेवर येत नव्हता, त्यामुळे त्यांनी याहून जास्त वाद घातला नाही. शेवटी असं ठरलं की एवढा ऐवज पोरीच्या अक्षरात बसणार नाही. बाजाराच्या दिवशी हिंगोलीला जाऊन अर्ज्या लिहिणाऱ्या मुन्शीकडून कागद पक्का करून आणावा.

"माझा कागद तसाच राहू द्या, आबा," पारू म्हणाली.

"तुझा कुठं जाते? तुझा वरच राहील."

पहिल्या ओळीच्या पुढे तिचा निबंध अजून कोणी ऐकला नव्हता.

बाजाराच्या दिवशी गाडीत उकंडराव, तातेराव आणि पारू. कयाधू ओलांडली, हळदीचा वास येऊ लागला, आणि वाटेत मुलींची शाळा लागली. खिडकीतून पाढे ऐकू येत होते. पारू गाडीच्या मागच्या फळीवर उलटी बसली आणि शाळा दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग एकाएकी आगगाडीची शिटी झाली, इतकी जवळ की बैल बुजले. गावात जी शिटी वाऱ्यावर धाग्यासारखी येई, तीच ही. पारूला ती ओळखीची वाटेना.

मुन्शीजी कचेरीसमोरच्या लिंबाखाली चटईवर बसत. चष्म्याला दोरा, पुढे उतरती पेटी. कागद कसाही असला तरी त्याला ते उभं करू शकतात अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी पारूचा ताव उलटसुलट पाहिला, बाजूला ठेवला आणि तातेरावांचं सगळं ऐकून घेतलं.

"मुद्दई कौन? म्हणजे तक्रार कोणाची?"

"हिची," उकंडराव म्हणाले.

मुन्शीजींनी पारूकडे पाहिलं. "नाबालिग आहे. वली कोण?"

"मी बाप."

"ठीक. मुद्दालेह?"

उकंडरावांनी तातेरावांकडे पाहिलं. तातेरावांनी लिंबाकडे.

"अजी, म्हणजे कोणाविरुद्ध. समोर कोणी नसेल तर कागद उभा राहत नाही."

दोघं विचारात पडले. विहीर गावाची होती. नाला गावाचा. म्हैसही गावातच कोंडलेली. माणसाचं नाव घ्यावं तर उद्या त्याच्या शेतावरून जायचं.

"गावच टाका," तातेराव म्हणाले.

संस्थानच्या कचेरीत उर्दू चाले, म्हणून मुन्शीजींनी अतिशय सुंदर उर्दूत लिहिलं: पार्वती दुख्तर, म्हणजे मुलगी, उकंडराव, विरुद्ध मौजे कवठवाडी. खाली कठडा, नाला, म्हैस, पाटलांचं नाव, सगळं आलं. पारूचा ताव त्यांनी सुईदोऱ्याने मागे शिवला, टिकट लावलं आणि म्हणाले, आता त्या खिडकीत द्या. इतक्या आदराने सांगितल्यावर न देणं उकंडरावांच्या स्वभावात नव्हतं. खिडकीतून हात आला, कागद आत गेला, शिक्का वाजला आणि एक पावती बाहेर आली. उकंडरावांनी पावती पटक्यात खोचली.

"आबा, माझा निबंध?" गाडीत बसल्यावर पारूने विचारलं.

"दाखल झाला."

"तो साहेबाला द्यायचा होता ना."

"साहेबालाच दिला."

"हे ते साहेब न्हाईत."

उकंडरावांनी बैल कयाधूच्या पाण्यात घातले. मग म्हणाले, "साहेब समदे एकच असतात. खुर्च्या निरनिराळ्या." पण त्यांनी बैलाला उगाच एक चाबूक मारला, त्यावरून पारूला कळलं की त्यांनाही कळलं आहे.

मास्तरांनी आपल्या दफ्तराचा एक कोरा ताव फाडून दिला आणि सांगितलं, पुन्हा लिही. इथे तातेराव आडवे आले. एकाच गोष्टीचे दोन कागद निघाले तर ती फौजदारी होते, हे त्यांनी बाजारात पक्कं विचारून घेतलं होतं. कोणाला, ते सांगितलं नाही. उकंडरावांनी ताव परत केला. मग ते एकदा कचेरीत जाऊनही आले. तिथल्या कारकुनाने समजावून सांगितलं की दाखल झालेला कागद परत पाहिजे तर वेगळी अर्जी, तिला वेगळं टिकट, आणि परत का पाहिजे याचं कारण. कारण मुन्शीजींनीच लिहावं, पण मुन्शीजी पुतणीच्या लग्नाला औरंगाबादेला गेले होते. शिवाय चौकशी लागली होती. सेनगावच्या पाहुण्यांचा निरोप दरम्यान दोनदा येऊन गेला. पारू रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या चिंचेखाली जाऊन उभी राही. तिथून हिंगोली दिसत नाही. नुसती त्या बाजूची हवा दिसते.

शाळेचे साहेब आले त्याच दिवशी कचेरीचा गिरदावर, म्हणजे महसुली तपासनीस, हाही चौकशीला आला. दोघांच्या अंगात शेरवानी. एक सायकलवर, एक तट्टावर. गावाने ठरवलं की तट्टावरचा मोठा. त्याला शाळेत नेऊन हार घातला आणि मुलांनी कविता म्हटली. गिरदावराने हार घालून घेतला, कविता ऐकली आणि मुद्दई कुठे आहे असं विचारलं. कोणाला काही कळलं नाही, म्हणून मुलांनी दुसरी कविता म्हटली.

सायकलवरच्या साहेबांना तातेरावांनी परस्पर विहिरीवर नेलं होतं. "वाकून पाहा साहेब," ते म्हणाले, "आतले दगडबी सुटून राहिले." साहेब भले गृहस्थ होते, ते वाकले. त्यांची उंच लाल टोपी घरंगळली आणि पाण्यात पडली. थोडा वेळ तरंगली, मग एका कुशीवर कलली.

"आता कठडा असता," तातेराव शांतपणे म्हणाले, "तर टोपी अडली असती."

अखेर सगळे चावडीत जमले. एका साहेबाच्या गळ्यात हार, एकाचं डोकं उघडं. बायका भिंतीकडेला पदर सावरून उभ्या राहिल्या, त्यात सखुबाईही होती. गिरदावराने बस्ता सोडला आणि मिसल, म्हणजे या तक्रारीचं शिवलेलं बाड, बाहेर काढली.

"पार्वती दुख्तर उकंडराव हाजिर आहे?"

पारू पुढे झाली.

"गावाविरुद्ध तुझी काय तक्रार आहे?"

चावडीत गलका झाला. ज्यांनी मुन्शीचा कागद ऐकला नव्हता ते आता ऐकत होते. "गावावर केली? ह्या पोरीनं?" कोणीतरी म्हणालं. उकंडराव आपल्या वहाणांकडे बघत होते. धुतलेल्या पटक्याचा त्यांना त्या घडीला काही उपयोग नव्हता. गिरदावराच्या पाठीमागून तातेराव दोन्ही हातांनी कठड्याचा गोल काढून दाखवत होते. जिवनबाईने नुसती कपाळावर चांदाच्या जागी बोट ठेवलं.

पारूने मिसलीकडे बोट केलं. "माझी तक्रार न्हाई," ती म्हणाली. "मला हिंगोलीला शिकायला जायचं हाये. माझा निबंध त्यात शिवला."

तातेरावांचे हात खाली आले.

"कसला निबंध?" उघड्या डोक्याचे साहेब पुढे झाले. मास्तरांनी सांगितलं. साहेबांनी कागद मागितला. गिरदावर म्हणाला, मिसलीतला कागद देता येत नाही. वाचता येतो का? समक्ष वाचता येतो. मग त्याने मिसल पारूपुढे धरली, शिवणीवर अंगठा दाबून ठेवला, आणि पारूने वाचलं.

"आमचे गाव लहान आहे. आमच्या गावाला आगगाडी येत नाही, पण तिची शिटी येते. वारा हिंगोलीकडून असला तरच येते. शिटी आली की माझी माय भाकरी थापता थापता थांबते. माझी बहीण गोदा त्या गाडीने सासरी गेली. शिटी संपली की माय पुन्हा थापते. तोवर तव्यावरची भाकरी करपलेली असते. ती करपलेली भाकरी माय आम्हाला देत नाही, स्वतः खाते. आम्ही विचारले तर म्हणते, मला तशीच आवडते."

पुढे नदीचं होतं, चिंचेचं होतं, पण तिला ते वाचायला थोडा वेळ लागला, कारण भिंतीकडेच्या बायकांतून सखुबाई निघून गेली होती. तवा चुलीवर राहिला असावा तशी लगबगीने.

वाचून झाल्यावर गिरदावराने ताव पुन्हा पाहिला. "यात तक्रार कुठे आहे?"

"नाही," शाळेचे साहेब म्हणाले. "निबंध आहे तो."

त्यांनी मास्तरांची दौत घेतली आणि मांडीवर पाटी ठेवून चिठ्ठी लिहिली. गिरदावरानेही लिहिलं: मुद्दईची तक्रार नाही, मिसल दाखल दफ्तर, म्हणजे प्रकरण बंद. पारूचा ताव शिवलेलाच होता, तो तट्टावरून परत गेला. साहेबांची टोपी दुसऱ्या दिवशी गळाने निघाली. पुनमचंद शेटजींनी ती वाळवून हिंगोलीला पोचवली. आकार राहिला नव्हता.

मृगानंतर उकंडरावांनी शब्द दिल्याप्रमाणे स्वतः गाडी जुंपली. निरोप द्यायला सगळे आले. कोंडवाड्यातून सुटलेली म्हैस घेऊन जिवनबाईसुद्धा आली, म्हणाली, बघ, हलवते. तातेराव मात्र ओट्यावरून उठले नाहीत. "एवढा उभा कागद पोरीनं आडवा केला," ते म्हणत. "न्हाई म्हनाली, तक्रार न्हाई. गेली विहीर." सुटीत पारू घरी आली की ते तोंड फिरवून बसत, आणि सखुबाई दर वेळी त्यांच्याकडे लोणचं पाठवी.

हिंगोलीला शिटी दिवसातून कितीदा तरी व्हायची. पहिल्या महिन्यात पारू दर वेळी घास हातात धरून थांबायची आणि बाकीच्या पोरी हसायच्या. सुमनबाई हसल्या नाहीत. पुढे कान सरावले. तरी संध्याकाळच्या गाडीला ती अंगणात जाऊन बोट ओलं करून वर धरी. वारा गावाकडे जात असला तर गावाच्या उलट बाजूने बोट गार पडे. मग ती आत येऊन जेवायला बसे. घरच्यांना तिने कधी काही लिहिलं नाही. घरी वाचणारं कोण होतं, आणि कवठवाडीत कागद गेला की लोक विचारणार, कोणावर?

अठ्ठेचाळीस सालचा पावसाळा आला. संस्थान विलीन होण्याच्या वेळची ती गडबड पुढे सगळ्यांनी सांगितली आहे. त्या दिवसांत लोक कुजबुजत बोलत, दारं लवकर लागत, आणि गाडी बंद पडली. अशात एका सकाळी सुमनबाईंच्या दारात कवठवाडीची गाडी उभी राहिली. उकंडराव बैलांपाशीच थांबले. सखुबाई चिखलाने भरलेल्या लुगड्याने आत आली आणि पारूच्या तोंडावरून हात फिरवून, दंड चाचपून, खाली बसली.

"काहून आली माय? अशा दिवसांत?"

"शिटी आली न्हाई," सखुबाई म्हणाली. "वारा इकडूनच होता. रोज होता. तरी आली न्हाई."

"गाडी बंद हाये. आमी समद्या बऱ्या हाओत."

"मंग तसं कळवायचं."

"कसं कळवू?"

सखुबाईने पदराने पाय पुसले. "निबंध लिहायचा. गोदीला येत न्हाई, म्हणून तिचं मी शिटीवर भागवलं. तुला येते ना?"

तेव्हापासून दर बाजाराला, पुनमचंद शेटजींच्या गाडीबरोबर, पारूचा एक ताव कवठवाडीला जाऊ लागला. सखुबाई त्याला निबंधच म्हणे. ओट्यावर संतराम मास्तर वाचत, उकंडराव पटका बांधून खांबाला टेकत, येईल तो बसे. पलीकडच्या ओट्यावरून तातेराव पाठमोरे ऐकत आणि वाचून संपलं की भिंतीला सांगत, "चांगलं हाये. विहिरीचं काही न्हाई त्यात."

हे कोणीतरी पारूच्या कानावर घातलं. दिवाळीआधीच्या तावात मास्तरांनी वाचलं:

"इथे आम्हाला घंटा उठवते. गावी तातेरावकाकांचा रहाट उठवत असे. अंधारात तो आधी एकदा कुरकुरायचा, मग घागर पाण्यावर टेकल्याचा आवाज यायचा, आणि मग काका खाकरायचे. तेवढे झाले की दिवस निघाला हे कळायचे. कठडा पडला आहे त्या बाजूने वाकले तर विहिरीत सगळे आभाळ दिसते. इथल्या विहिरीला चांगला कठडा आहे. मी रोज वाकून पाहते. आभाळ थोडेच दिसते."

मास्तर पुढच्या ओळीकडे वळले. पलीकडच्या ओट्यावर हालचाल झाली. तातेराव तोंड इकडे करून बसले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "ते रहाटाचं तेवढं पुन्हा वाचा."